शेंदराखालची जोगाई

“ही आपली जोगाई नाय.”

गंगूआत्या पहिल्यांदा हे म्हणाल्या तेव्हा देवळासमोर ताशा कडाडत होता, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी मुखवट्यावरून दोन्ही हात फिरवले. कपाळ, नाक, हनुवटी चाचपली आणि डोकं हलवलं. “नाय. ही ती नाय.”

ताशेवाल्याचा हात थांबला. मुखवटा पदरावर घेऊन उभी असलेली सरस्वती गुरव हसली. आत्यांचं वय झालं होतं, हल्ली त्या मेलेल्या माणसांना नावानं हाका मारायच्या. पण आपल्याखेरीज कुणीच हसलं नाही, हे सरस्वतीच्या लक्षात आलं. सगळे मुखवट्याकडे बघत होते.

बदलापूर गावातली ही रीत जुनी. जोगाईचा चांदीचा मुखवटा वर्षभर गुरवांच्या देव्हाऱ्यात राहायचा. चैत्र पौर्णिमेला गुरवांच्या घरची बाई तो पदराखाली झाकून देवळात आणायची. पहिलं दर्शन पाटलांच्या घरातल्या थोरल्या बाईचं. मग मुखवटा सागवानी रथात बसवायचा, ठाकूरवाडीहून आलेला केवणीच्या सालीचा नवा दोर बांधायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा, आणि “जोगाईच्या नावानं चांगभलं” म्हणत गावानं रथ नदीकाठच्या मांडवापर्यंत ओढत न्यायचा. तिथं जोगाई वद्य पंचमीपर्यंत माहेरपणाला राहायची.

अठ्ठ्याऐंशी साली सरस्वतीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुखवटा आणायचा मान आता तिचाच होता.

“शेंदूर कुठं गेला?” शंकरराव पाटलांनी विचारलं. ते रथ कमिटीचे अध्यक्ष, आणि गंगूआत्या त्यांच्या आजोबांची, आबा पाटलांची मुलगी, म्हणजे वडिलांची बहीण. लहानपणी विधवा होऊन त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच.

“तडकला होता,” सरस्वती म्हणाली. “होळीच्या सुमाराला कवच आपोआप सुटलं. खाली चांदी काळवंडली होती. म्हणून भगवान भावोजींनी उल्हासनगरला नेऊन पॉलिश करून आणलं.”

“कुणाला विचारून?”

घरातल्या वस्तूसारखाच होता तो मुखवटा. रोज सरस्वतीच त्याला हळदकुंकू लावायची. विचारायचं कुणाला?

गावानं आजवर जोगाई बघितली होती ती शेंदराच्या जाड थराआडची. फक्त डोळे तेवढे दिसायचे. आता नाक दिसत होतं, ओठ दिसत होते, गालाची हाडं दिसत होती. ज्यानं त्यानं मनात एक चेहरा धरलेला होता आणि हा चेहरा त्यातल्या कुणाचाच नव्हता.

रथ निघाला, पण चांगभलं पोटातून येत नव्हतं. नदीच्या उतारावर चाकाखाली पाचर मारून रथ आवरणाऱ्याचा हात चुकला आणि उजवं चाक चरात गेलं. दोर ओढून ओढून माणसं घामाघूम झाली. शेवटी पहारी लावून चाक उचललं. मागं कुणीतरी म्हणालं, “खोट्या मुखवट्यानं रथ चालायचा कसा?”

दुसऱ्या दिवशी नळावर सरस्वतीची कळशी भरेपर्यंत कुणी बोललं नाही. ती वळली आणि मागं कुजबुज सुरू झाली. तिच्या मुलीचं, जिजाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. विधवा बाई, भातशेतीचा एवढासा तुकडा, मग लग्न कशावर चाललंय, हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. आता सगळ्यांना पडला. दोन दिवसांत वांगणीहून जिजाच्या सासरच्यांचा निरोप आला, की घाई नको, थोडं थांबू.

संध्याकाळी शंकरराव अंगणात आले. बसले नाहीत.

“वहिनी, मी गावाचा माणूस म्हणून सांगतो. पंचमीला परतीच्या रथात खरी जोगाई पाहिजे. कुणी नेली, कुठं दिली, मी विचारणार नाही. नाहीतर मग पोलीस विचारतील.”

“हीच खरी आहे, शंकरराव.”

“आत्या तिला ऐंशी वर्षं बघतेय.”

ते गेल्यावर सरस्वती बराच वेळ रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसून राहिली. आपण मुखवटा विकलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मुखवटा दुकानात एक रात्र राहिला होता. पॉलिश करूया म्हणून मागं कोण लागलं होतं? भगवानच. तो उल्हासनगरात पँट शिवायच्या कारखान्यात काम करायचा, तिथले बाजार त्याला तळहातासारखे माहीत. आणि मुखवटा घेऊन आल्यापासून तो तिच्याशी नजर मिळवून बोलला नव्हता. जेवताना ताटात बघायचा. जिजाच्या लग्नाचा विषय निघाला की उठून जायचा.

त्या दिवशी तिनं त्याला वाढलं आणि समोरच बसली.

“भावोजी, खरं सांगा. मुखवट्याचं काय केलंत?”

भगवानचा घास हातातच राहिला. “मी काय केलं?”

“गाव मला चोर म्हणतंय. तुम्ही गप्प आहात.”

“मी कुणासाठी गप्प आहे, वहिनी?” त्यानं ताट सरकवलं. “मी नेला तेव्हाच तो पितळेचा होता. शेंदूर पुरता खरवडला आणि शेठ म्हणाला, ये चांदी नहीं है. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्याच्या हातापाया पडून त्यावर चांदीचं पाणी चढवून घेतलं, का तर तुमचं नाव जाऊ नये म्हणून! दादाच्या आजारपणात तुम्ही... मला वाटलं, नाइलाज झाला असेल.”

“म्हणजे तुम्हाला वाटलं, मी देवी विकली?”

भगवान ताटावरून उठला. जिजा दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तिनं ताट उचललं आणि आत नेलं.

सरस्वतीला रडू आलं नाही. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. हा खरं बोलतोय, की आता सुचली म्हणून गोष्ट रचतोय? ती लग्न होऊन आली तेव्हा तो हाफपँटमध्ये होता, त्याच्या परीक्षेच्या दिवशी तिनं त्याला दहीसाखर दिली होती. आणि आज त्याच्या चेहऱ्यावर ती खोटेपणाची खूण शोधत होती.

सकाळी ती एकटीच एसटीनं उल्हासनगरला गेली. विचारत विचारत पॉलिशवाल्या सिंधी शेठचं दुकान गाठलं. त्यानं तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं.

“बहनजी, पीतल ही था,” तो म्हणाला. “आपके देवर को उसी टाइम बोला मैंने. वो तो रोने लगा. पुराना पीतल है, अंदर से काला पड़ा हुआ. आजकल का काम नहीं है.”

“चांदीचा आला आणि पितळेचा गेला, असं तर नाही ना झालं?”

शेठचा चेहरा पडला. “मेरे भी घर में भगवान है, बहनजी.”

तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या मनात आलं, हा आणि भावोजी मिळालेले असले, तर दोघांची गोष्ट एकच असणार. मग तिला स्वतःचीच किळस आली. नळावरच्या बायका जसं बोलत होत्या, तसंच ती मनात बोलत होती.

अंबरनाथ मागं पडलं तेव्हा शेठचं एक वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. आजकलचं काम नाही. मग कधीचं?

घरी न जाता ती थेट पाटलांच्या मागीलदारी गेली. गंगूआत्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. घरात पुरुषमाणूस नव्हतं.

“आत्या, आपली जोगाई दिसायची कशी?”

आत्यांनी तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. पण चेहरा खुलला. “गोल. अशी लाडूसारखी. नाकात नथीला भोक. मी आबांच्या कडेवरनं तिला फूल खोवलेलं. ही बघ कशी, नाक धारदार, भोक नाय. ही आबांनी मागनं आणली.”

सरस्वती खाली बसली. “आबांनी? मागनं म्हणजे कधी?”

“रथ कलंडला ना नदीवर. त्या दिशी आपल्याकडं चूल पेटली नाय.” आत्यांनी एकदम शेंगेचं टरफल ओठांवर धरलं. “बोलायचं नाय. आबा म्हणाले, बोललीस तर जीभ झडेल.”

“तेव्हा अजून कोण होतं तिथं, आत्या?”

“सगळे मेले की गं. मशाल धरणारा शिवा होता. सोमाचा बाप.”

सोमा गायकवाड बेलवलीला राहायचे. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. रथापुढं मशाल धरण्याचं काम त्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. मान म्हणायचे त्याला, पण रथाला हात लावायची मुभा नव्हती. छप्पन्न साली त्यांनी धम्म घेतला आणि मशाल देवळाच्या पायरीवर ठेवून आले. त्यानंतर ते रथाकडं फिरकले नव्हते.

सरस्वतीनं “जय भीम, सोमाबाबा” म्हटलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तिला नीट बघितलं. तिनं सगळं सांगितलं.

“बाबांनी मरताना सांगितलं होतं मला,” ते म्हणाले. “रथ कलंडला तेव्हा मुखवटा गेला होता. आबा पाटलांनी पितळेचा करून आणला, वर शेंदूर थापला. जे तिथं होते त्यांच्याकडून शपथ घेतली. बाबांनी ती पाळली. कुणाच्या देवीला तोंड आहे की नाही, याच्याशी मला काय करायचंय, म्हणून मीही गप्प होतो.”

“पंचमीला हे बोलाल का?”

“तुमच्या देवळात मी येणार नाही.”

“रथ रस्त्यावर असतो, बाबा.”

सोमाबाबांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, मग तिच्याकडं. “रस्त्यावर येईन. देवीसाठी नाही. तुला चोर म्हणतात म्हणून.”

पंचमीला दुपारी उन्हं कलल्यावर मांडवासमोर गाव जमलं. दोर ताणून ठेवला होता, पण कुणी हात लावत नव्हतं. शंकरराव सरस्वतीची वाट बघत होते. ती आली ती सोमाबाबांना घेऊन. म्हातारी माणसं त्यांना बघून चुळबुळली.

सोमाबाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि जे होतं ते चार वाक्यांत सांगून टाकलं.

“वा!” शंकरराव म्हणाले. “तुझ्या बापानं मरताना बडबड केली आणि आम्ही आमच्या आजाला खोटं ठरवायचं? या बाईनं शिकवलंय तुला.”

“मला शिकवायला ती कशाला पाहिजे? तुमच्या घरात आहे ना साक्षीदार. तिला विचारा.”

गंगूआत्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. सगळे त्यांच्याकडं वळले. आत्या रथातल्या मुखवट्याकडं टक लावून बघत होत्या.

“आबा रडत होते,” त्या म्हणाल्या. “शंकऱ्या, तुझा आजा रडत होता. म्हणाला, गावाला कळलं तर गाव रथ ओढायचं सोडेल.” त्यांनी हात जोडले. “मी सांगितलं. झडू दे जीभ.”

ताशेवाला काड्या हातात घेऊन नुसता उभा होता. मग ठाकूरवाडीचा चांगो, ज्यानं दोर वळला होता, पुढं झाला आणि म्हणाला, “पितळेची का असंना, आपल्या बापजाद्यांनी हिलाच ओढली ना?” त्यानं दोर उचलला. त्याच्यामागं एक, मग दुसरा. रथ हलला. चढावर या वेळी कुठंच अडकला नाही.

शंकररावांनी दोराला हात लावला नाही. ते आत्यांच्या खुर्चीपाशी उभे राहिले.

सरस्वती रथामागून गेली नाही. ती सोमाबाबांना बेलवलीच्या फाट्यापर्यंत सोडायला गेली. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, “बाबा, मुखवटा नदीच्या डोहात पडला म्हणतात सगळे आता. तुमच्या वडलांनी पडताना बघितला होता?”

सोमाबाबा चालायचे थांबले.

“तेव्हा परतीचा रथ रात्रीच यायचा. रथ कलंडला, मशाल विझली. काही दिसत नव्हतं, असं सांगायचे. डोहात पडला हे आबा पाटील म्हणाले. बाबांनी पाण्याचा आवाज ऐकला नव्हता.” ते पुन्हा चालू लागले. “मला विचारलं असतं तर हेही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.”

वांगणीची माणसं पुढच्याच आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आली. जिजानं पुडा उघडलाच नाही. “त्यांना थांबावंसं वाटलं होतं ना,” ती आईला म्हणाली, “मग थांबू दे की अजून.” सरस्वतीनं तिला समजावलं नाही.

भगवाननं बेलवलीला खोली घेतली. भांडण झालं नव्हतं. दोघंही एकमेकांची माफी मागून मोकळी झाली होती. पण तो जेवायला बसला की सरस्वतीला आपण त्याच्याकडं कसं बघितलं होतं ते आठवायचं, आणि त्यालाही तेच आठवत असणार. सणावाराला तो यायचा, घाईघाईनं जेवायचा आणि जायचा.

शंकरराव एके सकाळी आले आणि या वेळी ओसरीवर बसले. मुखवटा त्यांनी फडक्यात गुंडाळून आणला होता.

“झालं गेलं विसरा, वहिनी. रीत मोडायला नको. गुरवांच्या घरीच राहू दे हिला.”

“नको. देवळातच ठेवा. कुलूप लावा आणि किल्ली कमिटीकडं राहू दे.”

ते फडक्याची गाठ उगाच सोडत, बांधत राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही सोमाला सोडायला गेला होतात. वाटेत आणखी काही बोलला का तो? आमच्या आजोबांबद्दल?”

सरस्वतीनं त्यांच्याकडं बघितलं. कपाळावर घाम होता. आपल्या अंगणात उभं राहून पोलिसांचं नाव घेणारा माणूस हाच. एक वाक्य बोललं असतं, तर संध्याकाळपर्यंत नळावर पोचलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “उन्हाबद्दल बोललो.”

शंकररावांनी मान डोलावली. मुखवटा काखेत घेऊन ते उठले. फाटकापाशी थांबून त्यांनी मागं वळून तिच्याकडं एकदा बघितलं, आणि रस्त्याला लागल्यावर पुन्हा एकदा.