भिंतीवरचा रिकामा खिळा

श्रीपती कांबळे १९९५च्या डिसेंबरात एसटीच्या बारामती आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या फंडातून त्यांनी घरावर दोन खोल्या चढवल्या. पुढचं आयुष्य त्या खोल्यांच्या भाड्यावर काढायचं होतं. मार्चपर्यंत चुना झाला, वेगळा मीटर आला, बाहेरून जिना निघाला. गवंड्याने स्वयंपाकघरात देवासाठी कोनाडा ठेवायचा का, असं विचारलं, तेव्हा श्रीपतींच्या पत्नी अक्काबाई मध्ये पडून नको म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांनी बौद्ध झाल्यावर, सत्तावन्न साली, निरवांगीच्या घरातले टोपलीभर देव नीरेत सोडले होते. श्रीपती म्हणाले, तो आपल्यासाठी नाही, भाडेकरूला लागतो. पूर्वेच्या भिंतीत कोनाडा निघाला, त्याला पांढरी फरशी बसली.

पहिली दोन कुटुंबं आली. त्यांना खोल्या आवडल्या. खाली पाणी प्यायला बसली आणि समोर बाबासाहेबांचा फोटो दिसला. दोघांनीही पेले तसेच ठेवले. दोघांनीही नंतर कळवलं, जिना फार चढाचा आहे.

"तात्या, जिना त्यास्नी वर जाताना चढाचा वाटला न्हाय, खाली आल्यावर वाटला," एजंट झुंबर म्हणाला. "फोटो दोन तास कपाटात ठेवा. ठरलं की लावा परत. मी काय कायमचा काढा म्हणत न्हाय."

अक्काबाईंनी हात लावायला नकार दिला. श्रीपती स्वतः स्टुलावर चढले. फोटो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आणि दारावरची नावाची पाटीही काढली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

त्या रविवारी झुंबरने सोमनाथ मोरे नावाच्या तरुणाला आणि त्याच्या बायकोला, साक्षीला, आणलं. मुलगा डाळजचा, सरकारी कचेरीत कारकून. सहा महिने ते एका नातेवाइकाच्या पडवीत राहत होते. झुंबरने घरमालकाचं आडनाव सांगितलं नाही. 'आपले तात्या' एवढंच म्हणाला. सोमनाथने नळ सोडून पाहिला, कड्या लावून पाहिल्या. साक्षी कोनाड्यासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "देवाची सोय बरी हाय." खाली येऊन दोघांनी पेले रिकामे केले.

होकार श्रीपतींच्या ओठांवर होता. पण फोटो उद्या परत भिंतीवर जाणार होता. तो पाहून ही माणसं महिन्याभरात खोल्या सोडून गेली तर? आधीच अंदाज घ्यावा म्हणून त्यांनी विचारलं,

"डाळजात घर कुठल्या अंगाला हाय तुमचं?"

मोरे हे आडनाव कुणाचंही असू शकतं. घर कुठल्या अंगाला, हे कळलं की सगळं कळतं. अडुसष्ट साली श्रीपती आगारात नवे होते, तेव्हा तीन घरमालकांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते आठवलं.

सोमनाथने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. "हायवेच्या बाजूला," तो म्हणाला. मग वडिलांना विचारून सांगतो म्हणत उठला. परत आला नाही.

मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला श्रीपती आणि अक्काबाई विहारात गेले. पुढून तिसऱ्या ओळीत पांढऱ्या कपड्यांत सोमनाथ आणि साक्षी बसली होती. वंदना संपेपर्यंत श्रीपतींनी मान वर केली नाही. बाहेर चपला शोधताना दोघे समोरासमोर आले.

"खोल्या अजून रिकाम्याच हायत," श्रीपती म्हणाले.

सोमनाथने पलीकडच्या कॉलनीत घर घेतलं होतं. अकरा महिन्यांचा करार झाला होता. दारावर गणपतीचा फोटो होता. तो त्याने स्वतः विकत आणून लावला होता.

"तात्या, तुम्ही तरी घर कुठल्या अंगाला हे कशाला विचारलंत?" तो हळू आवाजात म्हणाला. उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाला, "आमच्या गल्लीत भेटलात तर जय भीम नका म्हणू. नुसता हात वर करा."

घरी आल्यावर श्रीपतींनी फोटो पुसून खिळ्याला लावला. मग थापी घेऊन कोनाडा बुजवायला वर निघाले. अक्काबाईंनी जिन्यातच अडवलं.

"त्यो ऱ्हाऊ द्या. त्यात काय ठेवायचं ते येणारा ठरवंल. आपून काय लपवलं तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटर बोलावला. गेटवर पत्र्याचा बोर्ड लागला. वर मोठ्या अक्षरांत 'श्रीपती गेणू कांबळे', त्याखाली बारीक अक्षरांत 'खोल्या भाड्याने देणे आहे'. झुंबर बोर्ड पाहून गेला आणि पुन्हा गिऱ्हाईक घेऊन आला नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी सोमनाथ साक्षीला सायकलवर मागे बसवून गेटासमोरून गेला. श्रीपती ओट्यावर होते. त्यांनी नुसता हात वर केला. सोमनाथनेही केला. साक्षी मात्र वळून बोर्ड वाचत राहिली, सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत.

वरच्या खोल्यांना कुलूप होतं.