त्याला एकट्याला ऐकू जाईल इतकंच

पट्टाभी सरांनी मला नऊ वर्षं व्हायोलिन शिकवलं, त्यातली सात वर्षं मागे राहायलाच शिकवलं. गवय्या पुढे, आपण अर्धा श्वास मागे. जरा पुढे गेले की गजाची काडी बोटांवर बसायची. आणि गवय्या ओळ विसरला, तर ती त्याला हळूच वाजवून द्यायची, त्याला एकट्याला ऐकू जाईल इतकीच. हे त्यांनी सगळ्यात शेवटी शिकवलं, दार लावून, चोरीचा माल दाखवावा तसं.

सारनाथनांच्या डाव्या हाताला सर तीस वर्षं बसत होते. सारनाथन सगळ्या मद्रासचे लाडके. ते ओळी विसरतात, हे सरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या मार्गळी महिन्यात, मैफलींच्या ऐन मोसमात, सरांना कावीळ झाली. मला बोलावून म्हणाले, "कोमळा, आठवडाभर माझी जागा सांभाळ. माझं ताट आहे ते."

मैलापूरच्या संगीत सभेत सारनाथन कॉफी पीत बसले होते. मी नमस्कार केला, तर माझ्याकडे न बघता चिटणीसांना म्हणाले, "पट्टाभी आजारी म्हणून ही चिमुरडी? उद्या मृदंगावर हिची आजी बसवाल." मृदंगवाले मामा कॉफी सांडेपर्यंत हसले. मग सारनाथन मला म्हणाले, "वाजव, पण मला त्रास होईल इतकं नको." माझ्यासमोरचा माइकही त्यांनी काढायला लावला.

मी गिळलं. सरांचं ताट होतं ना.

त्यांनी तोडी आळवली, पाऊण तास. सुंदर गायले, मेल्याच्या गळ्याला नावं ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर तोच राग व्हायोलिनने एकट्याने वाजवायचा, हा रिवाज. कोवळ्या पोरांनाही ती पाळी मिळते. मी गज उचलला आणि त्यांनी थेट कृती, म्हणजे बांधलेली रचना, सुरू केली. माझा हात तसाच वर राहिला. पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांना कोपरं मारायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

शेवटच्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीशी ते अडले. दुसरीच ओळ पुन्हा म्हणाले. मग आणखी एकदा, नक्षी काढून. लोक माना डोलवत होते. चौथ्यांदा म्हणताना त्यांची नजर डावीकडे, माझ्याकडे सरकली. घाबरलेली नजर होती ती.

ओळ मला येत होती. मी गज टोकापासून टोकापर्यंत ओढला आणि ती अख्खी वाजवली, माइक नसताना शेवटच्या रांगेला पोचेल अशी. मांड्यांवर ताल धरलेले हात थांबले. मग माझ्यामागून सारनाथन ती ओळ गायले, शाळेतल्या पोरासारखे. समोरून कुणीतरी म्हणालं, "शाबास, पोरी."

ती चूक नव्हती. मला त्यांना उघडं पाडायचं होतं आणि मी पाडलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर अंथरुणावर उठून बसले होते, डोळे हळदीसारखे पिवळे.

"बेसूर झालीस?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"ओळ चुकलीस?"

"नाही."

"मग मी तुला काय शिकवलं होतं?"

सर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "तीस वर्षं झाकलं मी ते. आता सगळ्यांना कळलं, तो विसरतो आणि पट्टाभी कशासाठी पोसलेला आहे. जा, परत येऊ नकोस."

सारनाथनांनी कुंभकोणमहून नवा व्हायोलिनवाला आणला. सर बरे झाले, पण त्यांना कुणी बोलावलं नाही. मला मात्र पुढच्या मोसमात संध्याकाळच्या, मानाच्या पाच मैफली मिळाल्या.

विजयादशमीला गुरूला पानसुपारी द्यायची, म्हणून गेले. मामी, सरांच्या पत्नी, दारात आल्या आणि म्हणाल्या, सर घरी नाहीत.

आतून व्हायोलिन ऐकू येत होतं. त्याच कृतीची तिसरी ओळ, पुन्हा पुन्हा, इतकी हलकी की ती ऐकायला शेजारीच बसायला हवं होतं.