चंडोलांसाठी अकरा रोपं

सहा जूनच्या सकाळी सीमाभागातल्या मेहकरच्या गायरानावर चंडोलांची अकरा घरटी होती. चार घरट्यांत तीन-तीन अंडी, सातांत दोन-दोन, एकूण सव्वीस. आभाळात चढून गाणारे नर चौदा. दानेश्वरीने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं.

तीन वर्षांपूर्वी, एम.एस्सी. करताना, याच माळावर तिने एकेचाळीस नर मोजले होते. नंतर अर्धा माळ तुरीखाली गेला. उरलेल्यात सलग दोन वर्षं ऐन विणीत पाणी अडवायला चर खणले गेले आणि एकही पिलू उडालं नाही. आता होती ती पाखरं म्हातारी होत चालली होती. या सव्वीस अंड्यांतून काही निघालं नाही, तर पुढे मोजायला काही उरणार नव्हतं.

चंडोलाचं घरटं म्हणजे गवताच्या बुडाशी वाटीएवढा खळगा. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिने प्रत्येक घरट्याच्या पूर्वेला, तीन पावलांवर, लाल चिंधीची खुंटी ठोकली होती. तिचे काका सोमशेखरअप्पा शेताकडे जाता-येता खुंट्या बघायचे, मेंढरं शिरली तर हाकलायचे. त्यांच्या भरवशावर ती चार दिवस कलबुर्गीला गेली.

दहा तारखेला परतली, तर माळावर अकरा रोपं उभी. कडुलिंबाची, कमरेएवढी, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

"अप्पा, हे कुणी केलं?"

"आम्हीच की!" अप्पा खुशीत होते. "बसवप्रभु, राघोबा, निम्मं गाव आलतं. दासोह म्हणून, पाखरांची सेवा म्हणून लावली. उन्हात तापायलीत बिचारी, म्हटलं एकेकाला एक झाड. खुंटीपासून मावळतीला तीन पावलं, तूच दाखवलतीस न्हवं? एक अंडं फुटू दिलं न्हाई, बघ."

अंडी खरंच शाबूत होती. खड्डा वीतभर बाजूला होता. दानेश्वरीने गुडघे टेकून बोटाच्या पाठीने अंड्याला स्पर्श केला. गार. दुसऱ्या घरट्यातही गार. तिसऱ्या कुंपणाच्या काट्यावर पिलं टिपणारा खाटीक पक्षी बसून खाली बघत होता.

"कामून रडायलीस गं? झाड लावल्यानं पाप लागतंय व्हय?"

"चंडोलाला मोकळं लागतं, अप्पा. घरट्यात बसून चारी बाजूंनी दिसायला पाहिजे. आडोसा आला की तो जागा सोडतो."

अप्पांचं हसू विरलं. "मग हे आधी कामून सांगितलं न्हाईस?"

तिने त्यांना घरटी कुठे आहेत ते दाखवलं होतं. उघड्यावर का आहेत, ते सांगायचं राहून गेलं होतं.

दुपारी अप्पा एकटेच माळावर गेले. "काल लावलं, आज उपटायलाय! म्हातारा येडा झाला काय?" राघोबा बांधावरून ओरडला. अप्पांनी वळून पाहिलं नाही. अकरा कुंपणं ओढून काढली, रोपं उपटली, खड्डे हातांनी बुजवले. तिन्हीसांजेला परतले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते.

"आता येतील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बघू, अप्पा."

दुसऱ्या दिवसापासून दोघं रोज पहाटे लांबच्या बांधावर दुर्बीण घेऊन बसले. नऊ दिवस.

१९ जून, सकाळी पावणेसहा ते पावणेनऊ. आकाश निरभ्र, वारा मंद. घरटी अकरा. अंडी सव्वीस. उबवणाऱ्या माद्या शून्य. पिलं शून्य. गाणारे नर तीन.