कड्यावरचा डबा आणि घंटेची तार

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण मला कधी कुठल्या आगगाडीला जोडलेले नाही. मला इंजिन नाही आणि मोटारही नाही. माझ्या पोटाखाली पाण्याची टाकी आहे, आणि तिच्या जोरावर मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ग्रेनविक गावात, एकशे वीस फूट उंचीच्या कड्यावर, गेली एकशे तीस वर्षे वर-खाली करतो आहे.

माझा एक जोडीदार आहे. आम्ही दोघे एकाच पोलादी दोराला बांधलेले. तो खाली वाळूपाशी असतो तेव्हा मी वर गावात असतो. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरले की तो जड होतो, उतरू लागतो आणि उतरताना खालच्याला वर ओढतो. खाली ते पाणी सोडून देतात, पंप ते पुन्हा वर चढवतो.

मला लीड्सच्या सुतारांनी घडवले. ओकची बाके आणि रंगीत काचा त्यांनीच बसवल्या. पहिली साठ वर्षे वैभवाची होती. गिरण्यांना वर्षातून एक आठवडा सुट्टी मिळे, तेव्हा अख्ख्या गल्ल्या रांगेत उभ्या राहत. पुढे लोक विमानाने स्पेनला जाऊ लागले. माझा रंग उडाला, एका हिवाळ्यात छतावर समुद्रपक्ष्यांनी घरटे केले, आणि ते कुणी काढले नाही.

मग सहलीच्या बसगाड्या येऊ लागल्या. मोठी शहरे पाहून कंटाळलेल्या मंडळांना काहीतरी वेगळे हवे असते. बसवाले त्यांना आधी दोरखंडांचे संग्रहालय दाखवतात, मग मला, मग तळलेला मासा आणि बटाटे. मला पुन्हा रंग मिळाला. पण मला सांगायचे आहे ते हेडलीबद्दल.

हेडली पर्किस एकतीस वर्षे कड्याच्या माथ्यावरच्या खोलीत ब्रेकवर होता. खाली दारावर जॅनिस असे. खालच्या डब्यात किती माणसे बसली हे हेडलीला कळल्याशिवाय माझ्या टाकीत किती पाणी भरायचे ते ठरत नाही. म्हणून जॅनिस घंटेची तार ओढे. दोन माणसांमागे एक ठोका. दार लागले की दोन जलद ठोके. ते आल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही, आणि घंटा थांबेचना तर ब्रेकला हातच लावायचा नाही.

हेडलीला ऐकू येणे हळूहळू बंद झाले. हे फक्त मलाच ठाऊक आहे असे मला वाटे, कारण वर आलो की मी त्याच्या खिडकीला लागून उभा असतो. तो दोन बोटे तारेवर टेकवून बसे आणि प्रत्येक हिसका मोजे. एकदाही चुकला नाही. बायको गेल्यावर त्याला या खोलीशिवाय दुसरी जागा उरली नव्हती. बहिरा माणूस ब्रेकवर ठेवणार नाहीत, एवढे त्याला पक्के माहीत होते.

एका हिवाळ्यात गावच्या कचेरीने माझी दुरुस्ती काढली. चांगल्या हेतूने त्यांनी जुनी तार काढली आणि हेडलीच्या मागच्या भिंतीवर विजेची घंटा बसवली. तार गेली, हिसकेही गेले. हेडलीने तक्रार केली नाही. काय म्हणून करणार? तो दुर्बीण घेऊन आला. खालची माणसे दुर्बिणीतून मोजायची आणि दार लागताना पाहायचे. दोन महिने निभावले.

मे महिन्यात हॅलिफॅक्सहून कर्णबधिरांचे एक मंडळ आले. छत्तीस जण, बहुतेक सत्तरीचे. बारा-बाराच्या तीन फेऱ्या ठरल्या. पहिली तुकडी जोडीदारातून वर आली, दुसरी माझ्यातून. तेवढ्यात समुद्रावरून धुके आले. खालचे दार दिसेना, जोडीदारही दिसेना.

मी वर रिकामा उभा होतो. शेवटचे बारा जण खाली आहेत हे हेडलीला माहीत होते, म्हणून त्याने अंदाजाने पाणी भरले. टाकी जड झालेली मला जाणवली. मग तो मनात साठ मोजू लागला. साठात दार लागते, एवढा त्याचा हिशेब.

पहिल्या तुकडीतल्या बेरिल क्लफ नावाच्या बाई खोलीच्या उघड्या दारात उभ्या राहून आत पाहत होत्या. त्यांनाही घंटा ऐकू येत नव्हती. पण भिंतीवरचा छोटा हातोडा घंटेवर सारखा आपटताना त्यांना दिसत होता. आणि त्याच्याकडे पाठ करून एक माणूस शांतपणे ब्रेक सैल करत होता. माझी चाके बोटभर सरकली.

बेरिलबाईंनी हाक मारली नाही. त्यांच्या मंडळात कुणी कुणाला हाक मारत नाही. त्यांनी लाकडी फरशीवर जोरात पाय आपटला.

हेडली वळला. त्याने हातोडा पाहिला आणि ब्रेक आवळला.

खाली लेनर्ड नावाच्या म्हाताऱ्यांची काठी फटीत अडकली होती. त्यांचा एक पाय जोडीदारात होता, एक फलाटावर. जॅनिस एका हाताने त्यांना धरून दुसऱ्याने घंटेचे बटण दाबत होती.

हातोडा थांबला. मग सहा ठोके, मग दोन. बेरिलबाईंनी ते हेडलीला बोटांवर दाखवले आणि त्याने शेवटची तुकडी वर घेतली. मग तो स्टुलावर बसला.

बेरिलबाई त्याच्या समोर आल्या. त्यांचा आवाज जरा मोठा आणि सपाट होता. “किती वर्षं झाली?”

“कशाला?”

“मी पाय आपटला आणि तुम्ही वळलात. मागे घंटा वाजत होती तेव्हा वळला नाहीत. आणि आत्ता तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय.”

हेडलीने खोलीचे दार लोटून घेतले. “सहा वर्षं. कुणाला सांगू नका, बाई.”

“मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा. आमचा लेनर्ड तसा बिनकामाचा आहे, पण तो मला दोन्ही पायांसकट परत न्यायचाय.”

तासाभराने जॅनिस वर आली. हेडलीने तिला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग तिने आपले तळवे त्याच्यापुढे धरले.

“हे घट्टे कशाचे वाटतात तुम्हाला? चार वर्षं तार ओढत होते मी, बैल ओढावा तशी. तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून.”

“तुला माहीत होतं, पोरी?”

“होतं. नवी घंटा बसवताना मीच बोलायला हवं होतं. तुमची नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. आज लेनर्ड गेले असते, हेडली, आपल्या दोघांच्या चांगुलपणापायी.”

हेडलीने त्याच दिवशी कचेरीला आपल्या हाताने पत्र लिहिले. आम्ही तेवीस दिवस बंद होतो. चौकशी झाली. कचेरीने ब्रेकच्या दांड्याशेजारी, डोळ्यांसमोर, एक तांबडा दिवा बसवला. घंटा वाजते तेव्हा तोही लागतो. पण हेडलीला ब्रेक परत मिळाला नाही. त्या खोलीत आता एक तरुण बाई बसते. हेडली माझ्या आत बसू लागला, सहलीच्या मंडळांना माहिती सांगायच्या कामावर. पहिला महिना तो खिडकीबाहेरच बघत असे.

पुढच्या मे महिन्यात हॅलिफॅक्सची बस पुन्हा आली. हेडलीने हिवाळाभर बेरिलबाईंच्या पत्रांतल्या चित्रांवरून हातांची भाषा शिकली होती. त्याची बोटे जाड आणि सांधे आखडलेले, त्यामुळे त्याने ‘पाणी’ म्हटले ते लेनर्डना काहीतरी भलतेच दिसले आणि बारा माणसे डोळे पुसेपर्यंत हसली. हेडलीने पुन्हा करून दाखवले. मग माझी टाकी, दोर, चाक, सगळे त्याने हातांनी सांगितले. वर पोचल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाराही जणांनी हात वर करून बोटे हलवली, तीच त्यांची टाळी. मी इतकी वर्षे माणसे वाहतो आहे, माझ्या पोटात एवढी शांतता आणि एवढा आनंद एकत्र कधी बसला नव्हता.

मित्रांनो, माझ्या चाकांना रोज सकाळी तेल घालतात आणि कान लावून विचारतात, कुठे कुरकुर आहे का. हेडलीला सहा वर्षे कुणी विचारले नाही. ज्यांना कळले होते तेही मायेपोटी गप्प राहिले. तुम्ही तसे गप्प राहू नका. आणि कधी इकडे आलात, तर डब्यात बसलेल्या म्हाताऱ्याचे आभार मानताना त्याच्या समोर उभे राहा. तो तुमच्याकडे नीट बघेल.