तहकुबीचा अर्धा तास

गेल्या रविवारी मिठागर पार्क सोसायटीच्या सभेला कोरम पूर्ण झाला आणि किमया पेणहून कायमची गेली.

असं काहीही झालेलं नाही. सभेचं इतिवृत्त सेक्रेटरी लिहितो, सेक्रेटरी मी आहे, आणि मी ते लिहिलेलं नाही. जे इतिवृत्तात नाही ते घडलं नाही, असं सोसायट्यांमध्ये धरतात. तेव्हा रविवार अजून यायचाय असं समजून पुढे जाऊ.

आमची बिल्डिंग जुन्या मिठागरावर उभी आहे. तळमजल्याच्या भिंतींना अजून मीठ फुटतं. रंग दिला की वर्षाच्या आत पापडासारखा सुटतो. तळमजल्यावर काशीआत्या राहते. तिचं अर्धं आयुष्य याच जागी मीठ ओढण्यात गेलं. ती भिंतीला बोट लावते, चाखते आणि म्हणते, "यंदा बरा पिकलाय." बिल्डरला हे कळलं तर तो त्याचेही पैसे लावेल, म्हणून आम्ही गप्प असतो.

मी डोलवीच्या कारखान्यात एका कंत्राटदाराकडे गेटपास बनवतो. मला सेक्रेटरी निवडलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. सोसायटीत गैरहजर माणसालाच निवडतात, कारण हजर माणूस नको म्हणतो.

आमच्या सभेला दहा सभासद लागतात. दहा जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासाने जे कोण असतील त्यांच्यावर भागवायचं, दुसऱ्या खेपेला कोरम लागत नाही. हा नियम ज्याने केला तो नक्की एखाद्या सोसायटीत राहत असणार. आमचे काही सभासद आखातात, काही शिफ्टला, आणि उरलेले घरातच असतात पण दार उघडत नाहीत. त्यामुळे दहा कधीच होत नसत. पार्किंगमध्ये मांडववाल्याकडून आणलेल्या लाल खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यावर चेअरमन अस्लमचाचा, मी, चुकून आलाच तर तिसऱ्या मजल्यावरचा रघू, आणि किमया.

काशीआत्या कोरममध्ये धरली जात नसे. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगमध्ये उघडते, आणि ती तिथूनच सभा करते. कांदा चिरता चिरता. अस्लमचाचांनी फार पूर्वीच निकाल दिला होता, "खिडकी म्हंजे हजेरी नाय."

किमया रोह्याहून येते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या वडिलांचा. तिची आई गेली तेव्हा ते रोह्याला भावाकडे राहायला गेले आणि फ्लॅटला कुलूप लागलं. किमया तिकडे एका पतपेढीत आहे. वडिलांच्या वतीने सभेला तीच बसते. रेल्वेने येते, रेल्वेने जाते. येताना पेणच्या अलीकडचं कासू स्टेशन आलं की मला एका शब्दाचा मेसेज करते, "कासू." पहिल्यांदा हा मेसेज आला तेव्हा मी तिला विचारलं होतं की मदत हवी आहे का.

पहिली तहकुबी मला स्वच्छ आठवते. अस्लमचाचा घड्याळ बघून उठले. "कोरम नाय. सभा तहकूब. मी असरची नमाज पढून येतो." रघू म्हणाला, तो गाडी धुवून येतो. काशीआत्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, म्हणाली, "कढी उतू जाईल गो," आणि खिडकी लावून घेतली. कढीचा वास नव्हता.

उरलो आम्ही दोघं.

"मग सेक्रेटरी," किमया म्हणाली, "आता काय करायचं असतं?"

"नियमाप्रमाणे वाट बघायची."

"कुणाची?"

"बाकीच्यांची."

ती उठली आणि मागच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय पसरले, पोट पुढे काढलं आणि आवाज जाड केला. "मी तिसऱ्या मजल्यावरून रघू बोलतोय. माझ्या गाडीवर कबुतर बसतं. कबुतराचं पार्किंग वेगळं काढा."

मग ती दुसऱ्या खुर्चीवर गेली आणि दुबईचे बर्डे झाली. "हॅलो, आवाज येतोय का? माझा येतोय का? तुमचा येत नाही." असं करत करत तिने सगळी सोसायटी बसवली. जे सभासद मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते ते तिनेही पाहिलेले नव्हते, पण ते असेच असणार याबद्दल मला शंका उरली नाही. मी उत्तरं देत होतो, टिपणं घेत होतो. ती सूचक, मी अनुमोदक. अस्लमचाचा परत आले तेव्हा आम्ही कबुतराला जागा मंजूर केली होती.

वार्षिक सभा वर्षातून एकदाच येते. नावातच आहे ते, पण मला त्या वर्षी पहिल्यांदा लागलं. मग मी उपविधी वाचून काढले आणि मला विशेष सर्वसाधारण सभा सापडली. विषय असला की ती केव्हाही बोलावता येते. मी विषय काढू लागलो. गच्चीवरच्या दोऱ्या उभ्या बांधाव्यात की आडव्या. लिफ्ट नसल्यामुळे तिच्या बंद राहण्याच्या वेळा निश्चित करणे. जिन्यात कुणाच्या घरच्या मासळीचा वास आला तर त्याबद्दल तक्रार करायची की चौकशी. कोण येणार अशा सभेला? कुणीच नाही. कोरम नाही, तहकुबी, कढी, कासू. सगळं सुरळीत चाललं होतं.

घोळ बगळ्याने केला.

आमच्या पाण्याच्या टाकीवर एक बगळा बसतो. रोज, एकटाच, खाडीकडे तोंड करून. विषय संपत आले म्हणून मी लिहून टाकलं, "टाकीवर बसणाऱ्या बगळ्याबाबत सोसायटीचे धोरण ठरवणे." नोटीस लागली आणि सोसायटीत ठिणगी पडली. रघू वर जाऊन बघून आला, म्हणाला हा घाण करतो. खालून काशीआत्या ओरडली, "त्याचीच जागा हाय ती! मिठागर होता तवापासून बसतंय. मागनं आलाव ते आपण!" नूरबानोचाची, म्हणजे अस्लमचाचांच्या घरच्या, संध्याकाळी बोंबलाची डोकी घेऊन गच्चीवर जाऊ लागल्या. त्यांच्यामागून इतर बायका जाऊ लागल्या. वर गेल्या की बसू लागल्या. दारं उघडी राहू लागली. आखातातले लोक बगळ्याचा फोटो मागू लागले. इतकी वर्षं "आपण एक कुटुंब आहोत" असं मी प्रत्येक नोटिशीखाली लिहीत होतो. ते कुणी मनावर घेतलं नव्हतं आणि माझीही तशी अपेक्षा नव्हती.

त्याच आठवड्यात किमयाचा मेसेज आला. कासू नव्हता. "बाबांनी फ्लॅट विकायचं ठरवलंय. येत्या सभेत ना हरकतीचा विषय घेशील का प्लीज."

मी "घेतो" असं लिहिलं आणि अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते का पाठवलं मला माहीत नाही.

म्हणजे ही शेवटची तहकुबी. फ्लॅट गेला की ती सभासद नाही. सभासद नाही तर सभा नाही, आणि सभा नसताना रोह्याला जाऊन एखाद्या मुलीला पार्किंगमध्ये बसायला बोलावणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी ठरवलं, जे काय बोलायचं ते याच अर्ध्या तासात. वाक्यही तयार केलं होतं. डोलवीला गेटपास छापता छापता पाठ केलं.

फक्त कोरम व्हायला नको होता. मी नोटीस मीटरच्या खोक्यामागे लावली. अक्षर इतकं बारीक ठेवलं की मलाच वाचता येईना. मांडववाल्याला सांगितलं, खुर्च्या कमी आण. एवढं सगळं अस्लमचाचांनी एका व्हॉइस मेसेजने पुसून काढलं. "अरे भाईलोग, उद्या सगल्यांनी यायचंय. बगल्याचा मसला हाय. आमच्या घरात सांदणं करतायत. जो येणार नाय त्याला सांदण नाय."

आता तो रविवार, जो झालेला नाही.

माणसं वेळेआधी आली. ही गोष्ट आमच्याकडे लग्नातही होत नाही. रघू इस्त्रीचा शर्ट घालून आला. बर्डे सुट्टीवर आलेले होते, ते प्रत्यक्षात फार हळू आवाजात बोलतात. तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांचा वास सुटला होता. किमया आली, पुढच्या रांगेत बसली आणि मागे वळून भरलेल्या खुर्च्या बघत राहिली. तिच्या मांडीवर एक कागद होता, घडी घातलेला.

अस्लमचाचांनी बोट नाचवत मोजलं. "नऊ. हत्तेरी! एकच कमी."

माझा जीव इतका हलका झाला की मी खुर्चीला धरलं.

"काशीआत्याला बोलवा की," रघू म्हणाला. "ओ आत्या! या ना खाली!"

"खालीच हाय ना मी," काशीआत्या खिडकीतून म्हणाली.

"म्हणजे बाहेर या."

काशीआत्याने माझ्याकडे पाहिलं. मग किमयाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "मी नाय येत. माझा गुडघा दुखतंय. करा तुमची तहकुबी, मी हितनं बघीन." आणि हात खिडकीच्या दाराकडे गेला.

"थांब गो काशी!" अस्लमचाचा उभे राहिले. "खिडकी सोसायटीच्या हद्दीत हाय. बाई खिडकीत हाय. मग बाई हजर का नाय? मी पूर्वी चुकीचा बोललो असेन. सेक्रेटरी, नियम काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. नियम काहीच म्हणत नाही. उपविधीत खिडकीवर एक अक्षर नाही, मी पाठ केलेत. मी नुसतं "खिडकी म्हणजे हजेरी नाही" एवढं म्हणायचं होतं, जे इतकी वर्षं खरं होतं. अस्लमचाचा नमाजला गेले असते, रघू गाडी धुवायला. किमया माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

पण मला खिडकीत काशीआत्या दिसत होती. या बाईने एकही सभा चुकवलेली नाही आणि एकाही सभेत तिचं नाव नाही. आणि आत्ता आख्खी बिल्डिंग, जी एकमेकांना जिन्यात ओळख देत नव्हती, आत्या हजर ठरावी म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हजर," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. नूरबानोचाचींनी पहिलं सांदण खिडकीतून आत दिलं. काशीआत्या ते हातात घेऊन मला म्हणाली, "निकेशा, तू म्हंजे निव्वळ येडा हायस." ते कुणाला कळलं नाही. सगळे हसले.

बगळ्याला टाकीवर बसण्यास एकमताने परवानगी मिळाली. रघू त्यावर बोलला. चांगलं बोलला, मुद्देसूद. त्याच्यात अजिबात रघू नव्हता.

मग पुढचा विषय. मी वाचलं, "सदर सदनिकेच्या विक्रीस संस्थेची कोणतीही हरकत नाही."

"कुणाची हरकत?" अस्लमचाचांनी विचारलं. पार्किंगमध्ये लोक सांदण खात होते. "नाय ना? सूचक मी. अनुमोदक कोण? बोला लवकर, पोरीची गाडी हाय."

कुणाचं तोंड रिकामं नव्हतं. माझं होतं.

"अनुमोदन," मी म्हणालो.

निघताना मी बरोबर स्टेशनपर्यंत चालत जाईन असा माझा विचार होता. तेवढंच. पण नूरबानोचाचींनी तिच्या हातात सांदणांचा डबा दिला आणि म्हणाल्या, चालत कशाला, चाचा सोडतील स्कूटरवर. रघू म्हणाला, स्कूटर कशाला, माझी गाडी आहे की. बर्डे म्हणाले, मीही येतो, मला बाजारात उतरव. इतका शेजारधर्म मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाठोपाठ आणखी दोघे चढले, आणि माझ्यासाठी गाडीत जागा उरली नाही.

काच खाली करून ती म्हणाली, "कोरम झाला."

"झाला."

"तुला तेच हवं होतं ना इतके दिवस? नोटिशीत लिहायचास, बहुसंख्येने उपस्थित राहावे."

"तो मजकूर छापीलच असतो."

तिने सांदणांचा डबा बाजूला ठेवला. मग मांडीवरचा घडी घातलेला कागद दाखवला. "मी रघूचं भाषण लिहून आणलं होतं. बगळ्यावरचं. दोन पानी."

"काय आहे माझं?" रघूने पुढून विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. गाडी गेली.

इतिवृत्त आठवड्याच्या आत लिहा, असं अस्लमचाचा रोज जिन्यात सांगतात. आज मी बसलो, आणि इतिवृत्ताऐवजी हे खालचं पत्र लिहून टाकलं आहे. उद्या पोस्टात टाकेन.

प्रति,
मा. उपनिबंधक, सहकारी संस्था.

विषय: दि. गेल्या रविवारची सभा कोरमअभावी तहकूब धरणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर सभेत श्रीमती काशीबाई यांना खिडकीतून हजर धरण्यात आले. त्यांची हजेरी कायम ठेवून त्याऐवजी खाली सही करणाऱ्यास गैरहजर धरण्यात यावे, म्हणजे संख्या आपोआप नऊवर येईल. बगळ्याच्या ठरावास यामुळे बाधा येऊ नये. सभा तहकूब झाल्याचे मानून तहकुबीचा अर्धा तास, जो वापरला गेलेला नाही, तो रोहा येथील संबंधित सभासद व खाली सही करणार यांना रिकाम्या खुर्च्यांसह परत मिळावा. तसेच सदनिकेच्या विक्रीस खाली सही करणाऱ्याची हरकत होती व आहे. ती मुदतीनंतर का होईना, दाखल करून घेऊन संबंधितांना रोह्याच्या पत्त्यावर आपल्या कार्यालयामार्फत कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.