चौथ्या शेताचं नाव

मित्रांनो, मी एक जुना धोंडा आहे. मुंबईतल्या नाहूरच्या बांधावरचा. आता बांध राहिला नाही, मी राहिलो. दिसायला काळा, ओबडधोबड. पण एके काळी चार भातशेतं माझ्यापाशी येऊन मिळायची आणि मला त्याचा भारी तोरा होता.

शेतं जानकीच्या घरची. प्रत्येकाला नाव होतं. एक नवरीचं, कारण कुणा नवरीची नथ तिथल्या चिखलात हरवली होती. एक बगळ्याचं, एक आंधळ्याचं. आणि चौथं रुसकं. पहिली हाक त्याला मारली नाही तर ते रुसतं, भात धरत नाही, असं सगळे मानायचे. दरवर्षी पेरणीआधी जानकी मला शेंदूर लावायची, चौघांना नावानं हाका मारायची आणि मग नारळ फोडायची. हाक आधी रुसक्याला. खोबऱ्याचा मोठा तुकडाही त्यालाच. लाडावून ठेवलं होतं नुसतं.

त्र्याऐंशी साली जमीन विकली गेली. शेतांवर भराव पडला. मोजणीवाल्यांनी माझ्या शेजारी आकडा कोरलेला उंच, गुळगुळीत दगड रोवला. जानकी चाळीत राहायला गेली. चार वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. शेंदूर उडाला. खरं सांगतो, मला फार एकटं वाटायचं.

मग एका ज्येष्ठात ती आली, नात मीराचा हात धरून. डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपताना उंच दगड आधी हाताला लागला आणि माझा शेंदूर त्यालाच मिळाला. लेकाच्याचं नशीब बघा.

"आजी, याच्यावर नंबर आहे," मीरा म्हणाली.

"असू दे गो. तू नावं ध्यानात धर. माझ्यामागं कोण सांगणार तुला? नवरीचं. बगळ्याचं. आंधळ्याचं."

"आणि चौथं?"

जानकी थांबली. तिन्ही नावं पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडली.

"पहिली हाक त्यालाच मारायचे," ती हळूच म्हणाली. "जिभेवर आहे बघ."

मी दोन हातांवर होतो. नाव मला पाठ होतं, पण सांगणार कसं? मग जानकीनं नारळ न फोडताच पिशवीत घातला आणि दोघी निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या इमारतीखालच्या जमिनीलाही नाव असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आजच विचारा. आणि मीरा कुठे भेटली, तर तिला एवढं सांगा, की ते शेत रुसकं होतं.