मैनाकाकीचं गाणं
युनिव्हर्सिटीत संगीत शिकणारा आदेश गौरीच्या सणाला खांब गावी घरी आला होता. बायकांनी फेर धरला होता आणि मैनाकाकी पुढे होऊन गात होती.

"काकी, सूर चढतोय, जरा खाली घे," आदेश सगळ्यांदेखत म्हणाला.

काकी ओशाळून हसली नि गप्प झाली. फेर मोडला.

आदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाण्याची गोडी त्याला लागली होती ती याच काकीच्या मांडीवर.

"चुकलो गो काकी, म्हण ना," त्याने विनवलं.

"नाय रे बाबा, तुझ्यासमोर तोंड उघडायची लाज वाटते आता."

आदेश मान खाली घालून अंगणात गेला. बऱ्याच वेळाने आतून काकीच्या गाण्याचा आवाज आला. परत आत जायचा मात्र त्याला धीर झाला नाही.